मुहूर्त आणि निमित्त

महाविद्यालयात कोणतीही समिती स्थापन झाली, की तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम फिरून फिरून मराठी विभागाकडे येते. 'मॅडम, तुमचे मराठी चांगले' एवढे कारण त्याला पुरते. २०२१ साली आमच्याकडे विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी एक संगणकप्रणाली घेण्यात आली, तिच्यासाठी समिती झाली आणि रिवाजाप्रमाणे मी तिची सचिव झाले. पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या हातून एक वाक्य लिहिले गेले : 'सदर प्रणाली दर वर्षी १ जून रोजी आपोआप नव्याने शिकते.' वाक्यात शुद्धलेखनाची चूक नाही. प्राचार्यांनी सही केली, फाइल कपाटात गेली. त्या वाक्यात काय दडले आहे हे कळायला मला तीन वर्षे लागली, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे. तिच्याकडे पुढे येईनच.

प्रयोगविचार शिकवताना आपण 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडले' ही क्रियापदे फळ्यावर लिहितो. यांना निराळा कर्ता सापडत नाही. क्रियेचा भाव हाच कर्ता मानावा लागतो, म्हणून ती भावकर्तृक. मुलांना हा भाग आवडतो, कारण त्यात पाठ करण्यासारखे फारसे काही नसते. माझ्या वाक्यात 'प्रणाली' हा कर्ता व्याकरणापुरता आहे. अर्थाच्या दृष्टीने ते वाक्य 'उजाडले'च्या जातीचे आहे. १ जून उगवला, यंत्र शिकले. उजाडण्याबद्दल जसा कोणी कोणाला जाब विचारीत नाही, तसा याबद्दलही विचारणार नाही. 'आपोआप' या क्रियाविशेषणाने कर्त्याची जागा साफ पुसून टाकली आहे. यंत्राने केव्हा शिकावे हा निर्णय कोणीतरी माणूस घेतो आणि तो घेताना काय खरे मानायचे तेही ठरवून टाकतो, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. भाषेच्या अभ्यासकांनी या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नात लक्ष घालायला हवे असे मला वाटते, कारण तो बव्हंशी कर्ता कोण याचा प्रश्न आहे.

आधी ही प्रणाली काय करते ते थोडक्यात सांगते. उपस्थिती, अंतर्गत परीक्षांचे गुण, शुल्क, परीक्षा अर्ज अशा नोंदी ती गोळा करते, साफ करते, मागील वर्षांच्या विद्यार्थ्यांवरून एक गणिती साचा घडवते (त्याला 'मॉडेल' म्हणतात), तो बाजूला ठेवलेल्या नोंदींवर पारखते आणि मग वापरात आणते. एकापुढे एक जोडलेल्या या कामांच्या साखळीला 'पाइपलाइन' असे नाव आहे. शिकवणे म्हणजे तरी काय, तर मागच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीपुढे उत्तर लिहून यंत्राला दाखवणे : हा टिकला, ही गळाली. या उत्तराला 'लेबल' म्हणतात. पुढे दर सोमवारी हे मॉडेल चालू विद्यार्थ्यांची यादी देते, गळतीचा धोका सर्वांत जास्त असलेला सर्वांत वर. म्हणजे इथे दोन वेळापत्रके आहेत. एक वर्षातून एकदा शिकण्याचे, दुसरे दर आठवड्याला भाकीत करण्याचे.

ही वेळापत्रके ज्या लिपीत लिहितात ती पाहून मला प्रथम आनंदच झाला. युनिक्स या संगणकव्यवस्थेत १९७०च्या दशकापासून 'क्रॉन' नावाचा एक सेवक आहे. कालवाचक ग्रीक 'क्रोनोस' या शब्दाशी त्याच्या नावाचे नाते सांगतात. त्याला पाच पदांत आज्ञा द्यायची : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आमच्या वार्षिक शिकवणीची आज्ञा '० २ १ ६ *' अशी आहे. शून्य मिनिट, दोनचा तास, पहिली तारीख, सहावा महिना, वार कोणताही. सूत्रकारांना हेवा वाटावा असे हे लाघव आहे. आणि सूत्रांप्रमाणेच याला भाष्याची गरज लागते. उदा. तेरा तारखेचा शुक्रवार साधावा म्हणून तारखेच्या जागी १३ आणि वाराच्या जागी शुक्रवार लिहिला, तर बहुतेक क्रॉन त्याचा अर्थ 'प्रत्येक १३ तारखेला आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी' असा घेतात. 'आणि'चा 'किंवा' होतो. पुन्हा दोनचा तास कोणाच्या घड्याळातला? सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. आमच्याकडे पहिला तास भरतो ती वेळ. आणि त्या क्षणी यंत्र बंद असेल तर साधा क्रॉन चुकलेले काम नंतर भरून काढीत नाही. मुहूर्त टळला तो टळला.

नंतरच्या साधनांनी हे दोष ओळखले. एअरबीएनबी या कंपनीत २०१४ साली मॅक्सिम बोशमँ यांनी सुरू केलेले आणि २०१९ साली अपाची प्रतिष्ठानचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झालेले 'एअरफ्लो' हे त्यांतले बहुधा सर्वांत परिचित साधन. कोणते काम कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, हे त्यात मांडता येते. राहून गेलेले दिवस मागे जाऊन भरता येतात. त्यात दीर्घकाळ एक रिवाज होता, ज्याने नवशिके हमखास गोंधळत : सोमवारच्या नावाने नोंदलेले रोजचे काम प्रत्यक्षात सोमवार संपल्यावर सुरू होई. मला मात्र तो रिवाज फार शहाणपणाचा वाटतो. सोमवारविषयी काही म्हणायचे तर आधी सोमवार संपू द्यावा. प्रश्न एवढाच उरतो की तो संपला हे घड्याळाने ठरवायचे की आणखी कशाने.

मुहूर्ताची निंदा मला करायची नाही. आपल्या वाङ्मयाला तर ती शोभणारच नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेने एक वार्षिक वेळापत्रक अंगाला लावून घेतले आहे. दिवाळी येणार, अंक निघणार, कथा त्याआधी हवी. प्रतिभेचे स्फुरण तिथीने येत नाही हे खरे, पण तिथी नसती तर त्यांतल्या किती कथा लिहिल्याच गेल्या नसत्या! वेळापत्रक माणसाला आळसापासून आणि बहाण्यांपासून वाचवते. फक्त दिवाळी अंकाच्या व्यवहारात एक माणूस असतो, जो वेळेवर आलेली कथाही साभार परत करू शकतो. या माणसाची आठवण मला पुढे लागणार आहे.

आता ती विद्यार्थिनी. आमच्या भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडणीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि कारखान्याची धुराडी पेटली की टोळ्या गाव सोडतात. ही मुलगी द्वितीय वर्ष कलेला होती, मराठी विशेष विषय घेतलेली. २०२३च्या नोव्हेंबरात धाकट्या भावंडांकडे बघायला म्हणून ती आई-वडिलांबरोबर गेली. मला सांगून गेली होती. 'मॅडम, मार्चमध्ये येते, पुस्तके नेते' म्हणाली होती. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारच्या यादीत तिचे नाव सर्वांत वर होते. यात यंत्राचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. महिनाभर उपस्थिती शून्य, शुल्काचा दुसरा हप्ता बाकी. त्याने आणखी काय म्हणावे?

पण यादीला एक शेपूट होते, जे समितीतल्या कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. यादीत नाव विशिष्ट आकड्याच्या वर गेले, की पालकांच्या मोबाइलवर संदेश जाई. 'आपल्या पाल्याची उपस्थिती अपुरी असून शिक्षण खंडित होण्याची शक्यता आहे. महाविद्यालयाशी संपर्क साधावा.' एकाच्या निकालाने दुसरे काम सुरू होणे, यालाच तंत्रभाषेत 'ट्रिगर' म्हणतात. मूळ अर्थ बंदुकीचा चाप. तिच्या वडिलांनी तो संदेश उसाच्या फडात दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतला. वाचणाऱ्याने 'शक्यता' हा शब्द गाळला असावा किंवा ऐकणाऱ्याला तो ऐकूच आला नसावा. त्यांनी अर्थ लावला की मुलीचे नाव कमी झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते दोघे माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'मॅडम, हिचं नाव पुन्हा घालायला काय करावं लागतंय?' नाव कमी झालेच नव्हते. मात्र ते झाले असे समजून तिने परीक्षा अर्ज भरला नव्हता आणि मुदत संपली होती.

पुढचे तपशील आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत. विनंतीपत्र, शिफारस, अतिविलंब शुल्क, विद्यापीठाच्या दोन खेपा. अर्ज स्वीकारला गेला, मेमध्ये ती परीक्षेला बसली, आणि जुलैअखेर निकाल लागला तेव्हा उत्तीर्ण झाली. उशिराने स्वीकारलेल्या अर्जांची यादी विद्यापीठाकडून येते आणि मग आमच्या कार्यालयात हाताने चढवली जाते. ती त्या वर्षी १० जूनच्या सुमारास चढली.

आणि १ जूनला, रात्रीचे असोत की सकाळचे, ठरल्या वेळी यंत्र शिकून मोकळे झाले होते. त्याने तिची नोंद पाहिली. उपस्थिती नाही, परीक्षा अर्ज नाही. लेबल : गळाली. म्हणजे यंत्राने डिसेंबरात केलेले भाकीत जूनमध्ये खरे ठरले, आणि ते खरे ठरले हे ठरवणारी नोंदही त्याच भाकिताच्या संदेशातून जन्मलेली होती. त्या मॉडेलने पुढच्या वर्षासाठी धडा घेतला तो असा की नोव्हेंबरात गेलेली मुले परत येत नाहीत. तिच्यासारखे आणखी किती असतील म्हणून मी जुन्या याद्या काढून पाहू लागले. सगळ्या निकालांची मिळवणी मला करता आली नाही. पण पुनर्मूल्यांकनात सुटलेले, अनुशेषित विषय पुढच्या सत्रात सोडवलेले, असे विद्यार्थी दर वर्षी असतात आणि त्यांचा कोणताही अंतिम निकाल १ जूनला हाती नसतो, एवढे सांगायला मिळवणीची गरज नाही. परीक्षा विभागातला कोणताही लिपिक ते सांगेल. त्याला कोणी विचारले नव्हते. मग १ जून ही तारीख कोणी ठरवली? नव्या वर्षाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात म्हणून ती सोयीची वाटली, असे उत्तर मिळाले. 'वाटली'. पुन्हा कर्ता नाही.

प्रणाली पुरवणाऱ्यांच्या वतीने एक तरुण अभियंता पुण्याहून व्हिडिओवर बैठकीला आला. मुलगा हुशार, आणि विशेष म्हणजे ऐकून घेणारा. त्याने सांगितले की शिकवणी घड्याळावरच लावली पाहिजे असे मुळीच नाही. गूगलच्या क्लाउड विभागाने या विषयावर जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे त्यात पाइपलाइन सुरू होण्याची पाच कारणे दिलेली आहेत : कोणी मागणी केली म्हणून, ठरलेली वेळ झाली म्हणून, नवा डेटा आला म्हणून, मॉडेलची कामगिरी घसरली म्हणून, किंवा डेटाचे रूपच लक्षणीय बदलले म्हणून. यातला दुसरा प्रकार मुहूर्ताचा. बाकीच्यांना मी मनातल्या मनात 'निमित्त' हा शब्द दिला. न्यायदर्शनातले निमित्तकारण आपल्याला माहीत असते : मडक्याचे उपादान माती, निमित्त कुंभार आणि त्याचा दंड. व्यवहारातल्या मराठीत मात्र 'निमित्त झाले' म्हणजे खरे कारण वेगळेच होते. शब्दाचा हा दुहेरीपणा इथे नेमका लागू पडतो.

मी म्हटले, मग पुनर्मूल्यांकनाचा निकाल आणि विलंबाने आलेली यादी चढली की शिकू दे. तो म्हणाला, 'होईल मॅडम. त्याला सेन्सर म्हणतात. फाइल आली का, हे ते ठरावीक वेळाने बघत राहील, आली की पुढचे काम सुरू होईल.' इतके सोपे? इतके सोपे नव्हते, हे त्यानेच पुढे सांगितले, याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते. फाइल 'आली' म्हणजे काय? कार्यालयात एखादा गडबडीत अर्धीच यादी चढवतो, मग चूक लक्षात येऊन पुन्हा चढवतो, तिसऱ्यांदा स्तंभाचे नाव दुरुस्त करतो. यंत्राच्या लेखी तीन फाइली आल्या, तीनदा शिकायचे, आणि पहिल्यांदा अर्ध्याच विद्यार्थ्यांवरून. म्हणून संख्या तपासायला हवी, थोडे थांबायला हवे, तीच फाइल पुन्हा आली तर निकाल बदलू नये अशी रचना हवी. शिवाय निकाल आलाच नाही तर? सेन्सरने अनंतकाळ वाट पाहत बसायचे का? विद्यापीठांचे निकाल आणि अनंतकाळ यांचा संबंध बैठकीत सर्वांना एकदम पटला आणि थोडी हशा पिकली.

मग शेवटचे निमित्त, ज्याला ते 'ड्रिफ्ट' म्हणतात. आपण 'ढळणे' म्हणू. येणाऱ्या नोंदींचे रूप जुन्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे ढळले, की यंत्राने आपण होऊन पुन्हा शिकावे. ऐकायला हे सर्वांत शहाणे वाटते. आमच्याकडे ते प्रायोगिक म्हणून जुन्या नोंदींवर चालवून पाहिले, तर चाप दर वर्षी नोव्हेंबरातच ओढला जाई. गाळप हंगाम सुरू झाला, वर्ग रिकामे झाले, यंत्राला वाटले जग बदलले. जग बदलले नव्हते, हंगाम आला होता. ऑक्टोबरशी तुलना केली तर नोव्हेंबर हा उत्पात वाटतो. मागच्या नोव्हेंबरशी केली तर तो नोव्हेंबरच वाटतो. त्यातही हंगाम दर वर्षी त्याच तारखेला सुरू होत नाही, पावसावर आणि उसावर तो मागेपुढे होतो, तेव्हा नुसता महिना जुळवूनही भागत नाही. याउलट २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाने आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत विषयांची आणि श्रेयांकांची मांडणीच बदलली, ते खरे ढळणे. कोणते ढळणे हंगामाचे आणि कोणते युगाचे, हे आकडा सांगत नाही. आकडा फक्त किती ते सांगतो.

हा प्रश्न किती जुना आहे ते आपल्या पंचांगात दिसते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची ढळ. युरोपने आपल्या सौरवर्षातल्या पाव दिवसासाठी वेळापत्रक केले : दर चार वर्षांनी एक दिवस जादा. ते वेळापत्रकही हळूहळू ढळत गेले आणि १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरून दहा दिवस गाळावे लागले. आपल्याकडे अधिक मास घालतात तो मात्र 'दर इतक्या वर्षांनी' असा नाही. ज्या चांद्रमासात सूर्याचे एकही संक्रमण पडत नाही, तो अधिक. म्हणजे इथे कालावधी नेमलेला नाही, अट नेमलेली आहे. सरासरी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी ती पूर्ण होते एवढेच. २०२३ साली श्रावण अधिक होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. (आमचा १ जून नेमका धोंड्याच्या महिन्यात पडतो. कोणत्याही नव्या कामाला वर्ज्य!) अट नेमणाऱ्यांनी कोणत्या दोन गोष्टींचा मेळ राखायचा हे आधी ठरवले होते, चंद्राचा आणि ऋतूंचा. हिजरी कालगणनेने तो मेळ राखायचा नाही असे ठरवले, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, आणि त्यात चूक काहीच नाही. कशाच्या तुलनेत ढळले, हे ठरल्याशिवाय ढळणे हा शब्दच निरर्थक आहे.

मोठ्या संस्थांना हे कळत असेल असे वाटते खरे. गूगलने २००८ साली 'फ्लू ट्रेंड्स' नावाचा उपक्रम सुरू केला होता. लोक काय शोधतात त्यावरून अमेरिकेतल्या फ्लूच्या साथीचा अंदाज, सरकारी आकड्यांपेक्षा एक-दोन आठवडे आधी. २००९च्या वसंतात स्वाइन फ्लू आला, नेहमीच्या हंगामाबाहेर, आणि मॉडेलने तो कमी मोजला. मग दुरुस्ती केली. २०१२-१३च्या हिवाळ्यात त्याने उलट प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट फ्लू दाखवला. लेझर, केनेडी, किंग आणि वेस्पिन्यानी यांनी २०१४ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिले की ऑगस्ट २०११पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज वर गेला होता. २०१५ साली हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले. यात मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की सरकारचे खरे आकडे उशिरा का होईना, दर आठवड्याला येतच होते. मागच्या आठवड्याची चूक या आठवड्याच्या चुकीची सूचना देत होती. उत्तरपत्रिका तपासून परत येत होत्या आणि विद्यार्थी त्या उघडून पाहत नव्हता. शिकण्याची वेळ वेगळी ठरलेली होती.

अर्थात माझ्या सूचनेचीही किंमत आहे आणि ती अभियंत्याने स्पष्ट सांगितली. पुनर्मूल्यांकनापर्यंत थांबायचे तर जून ते ऑगस्ट जुनेच मॉडेल चालणार, आणि प्रथम वर्षाची मुले सर्वांत जास्त गळतात ती त्याच पहिल्या दोन-तीन महिन्यांत. लवकर शिकवले तर अर्धसत्यावर, उशिरा शिकवले तर त्या मुलांना उपयोग नाही. याला गणिती उत्तर नाही. मी थांबण्याच्या बाजूने मत दिले. चुकीचे शिकलेले यंत्र वर्षभर आत्मविश्वासाने यादी देत राहते, आणि आपल्याकडे छापील यादीला जो मान आहे तो माणसाच्या शब्दाला नाही, असे माझे कारण होते. वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्यांनी विरुद्ध मत दिले, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला आजही जमलेले नाही.

दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसले. शिकण्याचे निमित्त आणि वापरात आणण्याचे निमित्त, ही दोन वेगळी असली पाहिजेत. कथा वेळेवर आली म्हणून छापली जात नाही. नवे मॉडेल रात्रीत घडू दे. ते जुन्याची जागा घेण्याआधी कोणीतरी वाचले पाहिजे. हे काही माझे अफाट संशोधन नाही. ॲमेझॉनच्या सेजमेकरसारख्या साधनांत नव्या मॉडेलला 'मान्यतेच्या प्रतीक्षेत' अशी अवस्था देण्याची सोय आहेच. आमच्याकडे ती सोय होती, फक्त पहिल्या दिवसापासून 'आपोआप मान्य' असे करून ठेवलेले होते. पालकांना जाणारा संदेशही यादीपासून तोडावा आणि आधी वर्गशिक्षकाने घरी फोन करावा, एवढे मात्र चर्चेविना मान्य झाले.

२०२४च्या डिसेंबरात मी इतिवृत्तातले ते जुने वाक्य बदलून लिहिले. 'विलंबित व पुनर्मूल्यांकित निकालांची पूर्ण यादी प्राप्त झाल्यावर प्रणाली नव्याने शिकेल. नवे मॉडेल वापरात आणण्यास अमुक यांनी मान्यता द्यावी.' 'अमुक'च्या जागी कोणाचे नाव घालायचे यावर बैठकीचा निम्मा वेळ गेला. प्राचार्य म्हणाले परीक्षा विभागप्रमुख, परीक्षा विभागप्रमुख म्हणाले संगणक विभाग, संगणक विभाग म्हणाला पुरवठादार. कोणीतरी 'संबंधितांनी' असा शब्द सुचवला. मी तो लिहिला नाही. लिहिण्याचे काम माझ्याकडे होते हा माझा फायदा, आणि त्याची शिक्षा म्हणून नाव माझेच पडले.

२०२५ साली सेन्सर जूनभर आणि जुलैभर दर तासाला 'फाइल नाही' अशी एक ओळ नोंदवहीत लिहीत राहिले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यादी चढली, मॉडेल घडले, आणि मान्यतेचा कागद माझ्या टेबलावर आला. सोबत ज्या नोंदींवरून ते शिकले त्यांचीही यादी मी मागवली होती. 'गळाले' या रकान्यात एक्केचाळीस नावे होती. वाचत गेले तेव्हा त्यातल्या दोघी मुली ओळखीच्या निघाल्या. वाणिज्य शाखा सोडून त्या कलेला आल्या होत्या, जुना अनुक्रमांक बंद झाला म्हणून यंत्राच्या लेखी गळाल्या. त्या दिवशी सकाळी दोघी माझ्या तासाला दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मी सही न करता कागद परत पाठवला.